मुलांच्या भेटीचे वाद (बऱ्हाणपूर व सीमाभाग)

मुलांच्या भेटीचे वाद : विभक्त झालेल्या आईवडिलांपैकी एकाकडे मुलाचा ताबा असताना दुसऱ्याने त्याला कधी, कुठे आणि किती वेळ भेटावे, याविषयीच्या न्यायालयीन आदेशावरून होणारे तंटे. महाराष्ट्रातील कोर्टांत ‘ताबा’, ‘भेट’ किंवा सरळ ‘ॲक्सेस’ हे शब्द चालतात. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपुरात कोर्टाचा कागद हिंदीत. तेथे ताब्याला ‘अभिरक्षा’ म्हणतात आणि सीमेअलीकडे जळगाव जिल्ह्यातील रावेरला कायद्याच्या भाषेत ‘अज्ञान’ असलेले मूल तेथे ‘अवयस्क’ होते. आपले कौटुंबिक न्यायालय तिकडे ‘कुटुंब न्यायालय’. कायदा मात्र दोन्हीकडे तोच.

ताब्याचा व भेटीचा अर्ज मुख्यतः पालक व पाल्य अधिनियम, 1890 खाली होतो. घटस्फोटाचा दावा चालू असेल तर हिंदू विवाह अधिनियम, 1955 च्या कलम 26 खाली त्यातच मुलांविषयी आदेश मागता येतो. घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात 2005 च्या कायद्याचे कलम 21 दंडाधिकाऱ्याला तात्पुरता ताबा देण्याचा आणि भेटीने मुलाला अपाय होईल असे दिसल्यास ती नाकारण्याचाही अधिकार देते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, 1956 प्रमाणे पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहते. गोव्यातून गेलेल्या रोक्सन शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये स्पष्ट केले की, एवढे लहान मूल आईकडे का नसावे हे दाखवण्याची जबाबदारी वडिलांवर असते. बऱ्हाणपुरात मुस्लिम वस्ती मोठी असल्याने ‘हिजानत’ (मुलाच्या ताब्याचा आईचा हक्क) हा शब्दही कानावर येतो. हनफी परंपरेत मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत ताबा आईकडे असतो. शिया परंपरेत मुलगा दोन व मुलगी सात वर्षांची होईपर्यंत. धर्म कोणताही असला तरी न्यायाधीश अखेरीस मुलाचे हित पाहतो. त्यामुळे ‘माझा हक्क’ ही कोर्टात सर्वाधिक ऐकू येणारी भाषा मुळातच चुकीच्या टोकाकडून सुरू होते. यशिता साहू प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पालकांचे प्रेम मिळणे हा मुलाचा अधिकार मानला आणि प्रत्यक्ष भेटीच्या जोडीला व्हिडिओ कॉलवरील संपर्कही मान्य केला.

तापीकाठचे बऱ्हाणपूर 15 ऑगस्ट 2003 रोजी खंडव्यापासून वेगळा जिल्हा झाले. सोयरिकी मात्र पूर्वीपासून रावेर, मुक्ताईनगर, भुसावळकडे. भुसावळ–खंडवा लोहमार्गावर रावेरनंतर थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. संसार मोडला की हे जवळचे अंतर एकदम लांबते. बऱ्हाणपूरचे उच्च न्यायालय जबलपूरला, तर जळगाव जिल्ह्याचे खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला. 1890 च्या कायद्याच्या कलम 9 नुसार ताब्याचा अर्ज मूल जेथे सामान्यतः राहते तेथील न्यायालयात करावा लागतो. म्हणून सून माहेरी गेली की ‘मूल नक्की कुठे राहते’ हाच पहिला वाद होतो. प्रकरण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचे तर दोन्ही उच्च न्यायालयांचे हात बांधलेले. दुर्गेश शर्मा विरुद्ध जयश्री या 2008 च्या निकालात उज्जैनचे प्रकरण मालेगावला पाठवण्याचा मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 25 खाली असा बदल फक्त सर्वोच्च न्यायालय करू शकते. रावेर-बऱ्हाणपूरचे भांडण असे दिल्लीला जाते.

भेटीचे बहुतेक तंटे तपशिलावरून होतात. ‘महिन्यातून दोनदा भेट द्यावी’ एवढेच लिहिलेला आदेश म्हणजे पुढच्या पेशीची तरतूद. कोणता रविवार, किती ते किती, कोणत्या ठिकाणी, आणायला कोण जाणार, सोबत आजी चालेल का, मूल आजारी पडले तर बदली दिवस कोणता, हे सारे कागदावर हवे. दिवाळी आणि मे महिना वेगळे लिहावेत. मध्य प्रदेशात शाळेचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, महाराष्ट्रात जूनमध्ये, त्यामुळे नुसते ‘सुट्टीत अर्धे दिवस’ म्हणून भागत नाही. प्रवासाचा भार मुलावर टाकू नये. तामिळनाडूतील एका दोन वर्षांच्या मुलीला भेटीसाठी दर रविवारी मदुराईहून सुमारे 150 किलोमीटरवरील करूरला नेण्याचा आदेश होता; सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये भेटीची जागा मदुराईलाच आणली.

आदेश असूनही मूल आणलेच नाही तर ती गैरहजेरी त्याच वेळी रोजनाम्यात नोंदवून घ्यावी. त्यानंतर त्याच न्यायालयात अंमलबजावणीचा अर्ज (महाराष्ट्रात ‘दरखास्त’, मध्य प्रदेशात ‘निष्पादन’) करता येतो. हेतुपुरस्सर अवज्ञा असेल तर अवमानाची कारवाईही होऊ शकते. पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही आणि भेट मिळाली नाही म्हणून पोटगी थांबवता येत नाही. लोक ही सांगड सर्रास घालतात आणि दोन्ही बाजू त्यात अडकतात. शाळेच्या फाटकातून मूल परस्पर उचलून नेणे हा तर सर्वांत वाईट उपाय. मनाई आदेश नसताना वडिलांनी स्वतःचे मूल नेणे हे अपहरण ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2023 मध्ये म्हटले. पण त्यामुळे ताबा मिळत नाही, उलट वागणुकीचा दाखला विरुद्ध बाजूच्या हाती जातो.

मुलाने भेटीस नकार दिला की ‘त्याचे कान भरले’ हा आरोप ठरलेला. सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये बजावले आहे की, मुलाचे मन कलुषित केल्याच्या ठोस घटना दाखवल्याशिवाय पालकाला तसे लेबल लावू नये. ताब्याचे आदेश कधीच कायमचे नसतात, हे रोझी जेकब प्रकरणापासून (1973) मान्य आहे; मूल वाढले, शाळा बदलली, की बदलासाठी नवा अर्ज करता येतो.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार स्त्रिया व मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुरुषांना सहसा उत्पन्नाची मर्यादा लागू होते. राष्ट्रीय मदत क्रमांक 15100 असून तो दोन्ही राज्यांत चालतो.