लेखनावरोध

लेखनावरोध : लिहिण्याची क्षमता व इच्छा असूनही लेखन सुरू न होणे किंवा मध्येच अडणे, अशी अवस्था. तिची मूळ इंग्रजी संज्ञा ऑस्ट्रियात जन्मलेले मनोविश्लेषक एडमंड बर्गलर यांनी १९४७ मध्ये रूढ केली. त्यांनी या अवस्थेचे मूळ अबोध मनातील संघर्षात शोधले. अमेरिकन अभ्यासक माइक रोझ यांनी १९८४ च्या ग्रंथात वेगळी कारणे मांडली : लेखनाविषयीचे ताठर नियम आणि मजकूर आकाराला येण्यापूर्वीच सुरू होणारी काटछाट.

यावरील एक परिचित उपाय म्हणजे मुक्तलेखन. पीटर एल्बो यांनी *रायटिंग विदाउट टीचर्स* (१९७३) मध्ये त्याचा पुरस्कार केला. ठरावीक वेळ न थांबता, न खोडता लिहायचे; संस्करण नंतर करायचे, ही त्याची रीत.

साहित्यसंकल्पनांचे ज्ञानही उपयोगी पडते. ई. एम. फॉर्स्टर यांनी *आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल* (१९२७) मध्ये गोष्ट आणि कथानक यांत भेद केला. गोष्ट घटनांचा कालक्रम सांगते; कथानक त्यांतील कार्यकारणभाव उलगडते. त्यामुळे ‘पुढे काय?’ सुचेनासे झाल्यास ‘हे का घडले?’ असे विचारता येते. निवेदक बदलून तोच प्रसंग पुन्हा लिहिल्यानेही नवी वाट सापडू शकते. कारण निवेदक बदलला, की प्रसंगातील ज्ञात-अज्ञाताची मर्यादाही बदलते.