सिगारेटच्या भोकाची गोष्ट

परवा नाना पेठेत गेलो होतो. मोटारसायकलला मोबाईल चार्ज करायचं सॉकेट बसवायचं होतं. काउंटरवरच्या पोराने दोन पुड्या पुढे टाकल्या आणि म्हणाला, "काका, हे यूएसबीवालं आणि हे सिगारेटवालं. कुठलं देऊ?"

मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही (कॉलेजातले दोन झुरके धरत नाही). पळत्या मोटारसायकलवर कुणी सिगारेट पेटवत असेल असंही वाटत नाही. मग हे सिगारेटचं भोक हँडलवर आलं कसं? घरी येईपर्यंत डोक्यात तेवढंच होतं.

मोटारीतले विजेचे लायटर १९२० च्या दशकात अमेरिकेत रुळले. आधीचे लायटर वायरीला बांधलेले असत. वायर नसलेल्या, उपटून हातात घ्यायच्या लायटरचं पेटंट तिथे १९२१ साली मिळालं. तापला की आपोआप 'टक्' करून बाहेर येणारा जो लायटर आपण हिंदी सिनेमात पाहिलाय, त्याला आजचं रूप दिलं १९५० च्या दशकात, कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावच्या कॅस्को कंपनीने. खाली दोन पत्र्यांचा चिमटा, तो लायटरला धरून ठेवतो आणि पुरेसा तापला की सोडतो. बास, एवढीच करामत. पण त्यासाठी डॅशबोर्डवर चांगल्या जाड वायरीने दहाएक अँपियर करंट आणून ठेवावा लागे. गाडीत बसल्या जागी हाताला येईल अशी वीज एवढ्या एकाच ठिकाणी होती. मग टायरमध्ये हवा भरायचा पंप, टेबलफॅन, दाढीचं यंत्र, आणि शेवटी मोबाईल, सगळे तिथेच येऊन चिकटले. लायटर गेला, भोक राहिलं.

आता गंमत बघा. हे सॉकेट मुळात वस्तू बाहेर फेकण्यासाठी बनवलेलं. प्लग धरून ठेवणं हा त्याचा उद्देशच नव्हता. मोटारीत चालून जातं, पण मोटारसायकलच्या थरथरीत तो प्लग हळूहळू सरकत बाहेर येतो आणि चार्जिंग बंद-चालू होत राहतं. म्हणून बीएमडब्ल्यूने आपल्या मोटारसायकलींवर बरीच वर्षं दुसरं, बारा मिलिमीटरचं बारीक जर्मन सॉकेट दिलं. त्यात प्लग घट्ट बसतो. (पुढे २००४ च्या आर १२०० जीएसमध्ये त्यांनी फ्यूजऐवजी कॉम्प्युटर बसवला. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त करंट ओढला की तो सॉकेटच बंद करतो. नळावर शिस्तीचा वॉचमन!)

पण मूळ प्रश्न सॉकेटच्या आकाराचा नाहीच. मोटारसायकलवर वाटून द्यायला वीज शिल्लक कधी होती, हा आहे.

सुरुवातीला तर ती नव्हतीच. रॉबर्ट बॉशने १८९७ मध्ये एका द दियाँ-बुताँ तिचाकीला मॅग्नेटो बसवला. तो ठिणगीपुरती वीज काढायचा, दिव्याला काही नाही. दिवा कार्बाइडचा. हो, आपल्याकडे आंबे पिकवायला चोरून वापरतात तेच कार्बाइड. वरच्या भांड्यातून पाणी थेंब थेंब कार्बाइडवर पडायचं, ॲसिटिलीन वायू निघायचा आणि तो पेटवायचा. पाणी संपलं की अंधार.

मग डायनामो आले. ब्रिटिश मोटारसायकलींवर बरीच वर्षं दिसणारा लुकासचा इ३एल डायनामो सहा व्होल्टचा आणि साठ वॅटचा. तीसेक वॅट हेडलाइट, थोडे मागच्या दिव्याला, थोडे बॅटरी भरायला, आणि तेही इंजिन जोरात पळत असेल तर. संपला हिशेब. लुकासला तिकडचे लोक थट्टेने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणत, ते उगीच नाही.

सहाचे बारा व्होल्ट झाले तेव्हा थोडा श्वास मिळाला. छत्तीस वॅटचा दिवा सहा व्होल्टवर सहा अँपियर मागतो, बारावर तीनच. करंट निम्मा झाला की त्याच वायरीत उष्णतेने वाया जाणारी वीज चौथ्या हिश्शावर येते. अमेरिकन मोटारी १९५० च्या दशकातच बारावर गेल्या. मोटारसायकली मात्र मागे रेंगाळल्या.

आमच्या घरी बाबांची स्कूटर होती, बॅटरी नसलेली. पावसाळ्यात रात्री सिग्नलला थांबलो की दिवा निरांजनासारखा व्हायचा आणि बाबा क्लच दाबून ॲक्सिलरेटर पिळत राहायचे. मला ते शौर्य वाटायचं. मॅग्नेटोचे फेरे कमी झाले की वीज कमी, हे फार नंतर कळलं. अशा गाडीवर 'सॉकेट बसवून द्या' असं कुणी म्हणालं असतं तर मेकॅनिकने त्याच्या तोंडाकडे बघितलं असतं.

बुलेटवाल्यांकडे मात्र एक गोष्ट होती, हेडलाइटच्या डोक्यावर बसवलेला छोटा अँमीटर. काटा उजवीकडे म्हणजे बॅटरीत जमा, डावीकडे म्हणजे खर्च. पासबुकच की! दिवा लावला की काटा डावीकडे झुकणार, गाडी पळायला लागली की सावकाश वर येणार. वीज ही कमावून खर्च करायची गोष्ट आहे हे त्या काट्याने जितकं शिकवलं तितकं शाळेतल्या भौतिकशास्त्राने मला शिकवलं नाही. नव्या गाड्यांवर तो काटा नसतो. मला त्याची चुकचुक लागते.

असो. आता माझी चूक सांगतो, कारण हे सगळं वाचायला लागलो ते तिच्यामुळे.

हे माझं पहिलं सॉकेट नव्हे. काही वर्षांपूर्वी रस्त्याकडेच्या एका इलेक्ट्रिशियनकडून असंच एक बसवून घेतलं होतं. घाईत होतो. त्याने बॅटरीवरून सरळ दोन वायरी हँडलपर्यंत ओढल्या. फ्यूज नाही, रिले नाही. मीही विचारलं नाही. वायर हँडलच्या मानेपाशी फ्रेमला घासत होती. हँडल हजार वेळा वळलं असेल, वरचं प्लास्टिक झिजत गेलं. वरंधा घाटात, पावसात, मागे बायको बसलेली, आधी मोबाईलचं चार्जिंग गेलं आणि मग जळक्या प्लास्टिकचा वास आला. टाकीखालून धूर. वर पेट्रोल! किल्ली बंद केली, धूर चालूच. चालूच राहणार, वायर सरळ बॅटरीवर होती ना. सीट काढून, स्क्रू ढिला करत बसायला वेळ नव्हता म्हणून बॅटरीची वायर हाताने ओरबाडून काढली. तळहातावर तिचा डाग अजून आहे. बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही फोन बंद ठेवला असता तरी चाललं असतं." यावर काय बोलणार?

फ्रेम म्हणजे बॅटरीचं ऋण टोक. उघडी धन वायर तिला टेकली की मोबाईलला एक अँपियर देणारी तीच बॅटरी शंभराच्या घरात करंट ओतू शकते, आणि बारीक वायर शेगडीच्या तारेसारखी लाल होते. फ्यूज असतो तो वायर वाचवायला, मोबाईल वाचवायला नव्हे. म्हणून तो बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून हवा. हँडलपाशी लावला तर मधल्या सगळ्या वायरीला राखण नाही. आणि रिले हवा म्हणजे किल्ली बंद केली की सॉकेट मेलं.

आज शिल्लक विजेचं गणित बरंच सुधारलंय. १ एप्रिल २०१७ पासून आपल्याकडे नव्या दुचाकींचा हेडलाइट दिवसाही चालूच राहतो, म्हणजे खर्च वाढला. पण एलईडी दिव्यांनी तो भरून काढला. २०२० मध्ये रॉयल एनफिल्डची मीटिऑर आली ती हँडलवर यूएसबी घेऊनच. पण रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या जुन्या आणि साध्या. किकवाल्या स्प्लेंडरची बॅटरी अडीच अँपियर-तासांची. त्यातून इंजिन बंद असताना दोन तास चार्जिंग केलंत तर हॉर्नचा आवाज म्हाताऱ्यासारखा येईल.

मला सॉकेट हवं होतं ते सहलीला. माझ्याआधी रांगेत जो मुलगा होता त्याच्या पाठीवर जेवण पोचवायची चौकोनी पिशवी होती. त्याचा फोन बंद पडला की ऑर्डर नाही, रस्ता नाही, दिवसाचे पैसे नाहीत. त्याने सगळ्यात स्वस्तातलं सॉकेट मागितलं आणि "वायर सरळ बॅटरीलाच जोडायची ना?" असं विचारलं. पोरगा "हो" म्हणणार तेवढ्यात मी मध्ये पडलो. दुकानदाराने माझ्याकडे वैतागून पाहिलं. फ्यूजची डबी वीस रुपयांची. मुलाने जरा विचार केला, माझ्या तळहाताकडे पाहिलं, आणि एक घेतली.

मी दोन घेतल्या. एक राखीव.