आलंकारिक प्रश्नातील विनोद
उत्तराची अपेक्षा न ठेवता, स्वराघाताने विधान सुचविणाऱ्या प्रश्नातून बोलण्यात निर्माण होणारा विनोद.

उगम : संस्कृत साहित्यशास्त्रात स्वर बदलून अर्थ पालटण्यास ‘काकू’ म्हणतात. रुद्रटाने नवव्या शतकात काव्यालंकार ग्रंथात वक्रोक्तीचे श्लेष व काकू असे दोन प्रकार मानले (पहा : वक्रोक्ति).

वैशिष्ट्ये : होकारार्थी प्रश्न नकार सुचवितो, नकारार्थी प्रश्न होकार. मराठीत काय, कुठला, कशाला, कुठून हे शब्द हे काम करतात. ‘घरात पैशाचं झाड लावलंय का?’ या प्रश्नात अशक्य गोष्ट गृहीत धरलेली असते. ऐकणाऱ्याने तो शब्दशः घेऊन उत्तर दिल्यास दुसरा विनोद घडतो. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही प्रश्नरूप म्हणच आहे (पहा : म्हणी).

सीमाभागातील रूप : कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातील कडगंची हे अशा सीमाभागातील एक गाव आहे. १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. कन्नड, मराठी व उर्दू यांचा येथे जुना शेजार आहे (पहा : द्विभाषिकता). मराठी ‘हातच्या काकणाला आरसा कशाला?’ या म्हणीला कन्नडमध्ये ‘अंगै हुण्णिगे कन्नडि बेके?’ (तळहातावरील फोडाला आरसा हवा का?) ही जोड आहे. मराठीत प्रश्न ‘कशाला’ने होतो, तर कन्नडमध्ये ‘बेकु’ (हवे) याच्या अंती ‘ए’ येऊन.

महत्त्व : या प्रश्नांमुळे नकार, तक्रार किंवा उपदेश थेट न बोलता सांगता येतो. लिखाणात स्वराघात उतरत नसल्याने अर्थ संदर्भावरून ठरतो.