कुष्ठाचा जंतू आणि अंगातले पहारेकरी

मंडळी, सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी जाऊन तुमच्यापैकी पुष्कळांनी कुशावर्तात बुडी मारली असेल. आपल्या तीर्थांच्या वाटेवर फडके पसरून बसलेले महारोगी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले, आणि ‘पूर्वजन्मीचे पाप’ म्हणून पुढे गेले. १८७३ साली नॉर्वेत हान्सेन या डॉक्टराला रोगाचा जंतू दिसला, तेव्हाच पापाची गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही! उलट १८९८ साली इंग्रज सरकारने कायदा करून रोगी भिकाऱ्यांना कोंडण्याची सोय केली. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले.

पण एका घरातल्या चौघांपैकी रोग एकालाच का? वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांनी संशोधनासाठी हे जंतू स्वतःच्या अंगात टोचून घेतले होते, असे सांगतात. त्यांना रोग जडला नाही.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाचे पहारेकरी फिरत असतात. ते फक्त प्रथिनांचे तुकडे ओळखतात, अशी बरीच वर्षे समजूत होती. आता क्षयाचा नि कुष्ठाचा जंतू हे भाऊभाऊ. दोघांच्याही अंगावर मेणासारखे स्निग्ध कवच. १९९४ साली अमेरिकेत बोस्टनच्या संशोधकांनी दाखवले, की काही टी-पेशी क्षयजंतूचा हा स्निग्ध पदार्थही ओळखतात. पुढल्याच वर्षी कुष्ठाच्या चट्ट्यातून काढलेल्या टी-पेशींबाबत तसेच दिसले.

हे घडते कसे? आपल्या काही पेशींवर सीडी-१ नावाचे प्रथिन असते, त्याला खोल खोबण असते. मुळा जमिनीत नि पाला वर, तशी स्निग्ध रेणूची शेपटी खोबणीत रुतते आणि डोके वर राहते. टी-पेशी ते डोके चाचपते. ज्यांच्या अंगावर चट्टे मोजकेच, त्यांच्या चट्ट्यांत हे प्रथिन भरपूर सापडले. ज्यांच्या अंगभर जंतू पसरले, त्यांच्यात अगदी थोडे.

पहारेकरी कधी घरच्यांवरही उठतात. सोरायसिस हा निराळा रोग, मुळीच न लागणारा. पण लोक त्यालाही कुष्ठ समजत. त्यात टी-पेशी सीडी-१ मध्ये बसलेल्या आपल्याच त्वचेच्या स्निग्ध रेणूंवर तुटून पडतात, असे २०१६ साली दिसून आले.

गुरुजी, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर त्याला वेगळे बसवू नका. आरोग्य केंद्रात न्या. औषध फुकट मिळते, आणि सहा महिने ते वर्षभर नेमाने घेतले की रोग बरा होतो.