हायब्रीड ज्वारी ते हायब्रीड गाडी

आमच्या तरुणपणी 'हायब्रीड' हा शब्द शिवीसारखा वापरत. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली आणि १९७२ च्या दुष्काळानंतर तर खेडोपाडी हायब्रीडच दिसू लागली. पीक भरघोस, पण भाकरीला गोडी नाही, आणि ताट बुटकं म्हणून कडबाही कमी. मग कुणी जिना चढून धापा टाकू लागला की म्हातारी माणसं म्हणायची, "हायब्रीड खाल्लेली पिढी ही, अशीच असायची!"

आता तोच शब्द मोटारींच्या जाहिरातीत मिरवतोय. माझ्या पुण्याच्या भाच्याला गाडी घ्यायची आहे. "आत्या, हायब्रीड घेऊ की सरळ इलेक्ट्रिक? की आणखी दोन वर्षं थांबू?" असं तो मला विचारतो. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. पण हायब्रीड टिकेल, की मधल्या काळातली पाहुणी म्हणून येऊन जाईल, हा प्रश्न यंत्राचा जेवढा आहे तेवढाच इतिहासाचा आहे, आणि इतिहास मी तीस वर्षं शिकवला.

तर मंडळी, पहिली गोष्ट ही की हायब्रीड गाडी नवी नाहीच. ती सव्वाशे वर्षांची आहे. व्हिएन्नात लोनर नावाचे घोडागाड्या बांधणारे कारखानदार होते. त्यांच्याकडे फर्डिनांड पोर्शे नावाचा पंचविशीतला मुलगा नोकरीला होता. (हो, तोच पोर्शे. पुढे फोक्सवॅगनची 'बीटल' यानेच बनवली.) १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोनरांनी त्याची विजेवरची गाडी मांडली. मोटर थेट चाकाच्या तुंब्यात बसवलेली! अडचण एकच होती, बॅटरीची. शिशाच्या त्या बॅटरीचं वजन चारशे किलोच्या वर होतं, आणि एवढं ओझं वाहून गाडी जायची जेमतेम पन्नास किलोमीटर.

यावर पोर्शेने काय करावं? बॅटरी लहान केली आणि गाडीतच दोन छोटी पेट्रोल इंजिनं बसवली. ही इंजिनं चाकं फिरवत नसत, फक्त वीज तयार करत. गाडी चाले विजेवरच. नाव ठेवलं 'सेम्पर विवस', लॅटिनमध्ये 'सदा जिवंत'. मला हे नाव फार आवडतं. बॅटरी मेली तरी मी मरणार नाही, असं म्हणणारी गाडी! आपल्या रेल्वेची डिझेल इंजिनं याच जातीची. त्यांतही डिझेल फक्त वीज बनवतं आणि चाकं विजेच्या मोटरी फिरवतात. त्यांना कुणी हायब्रीड म्हणत नाही एवढंच.

त्या काळी कोणती शक्ती जिंकणार हे ठरलेलं नव्हतं. १९०० साली अमेरिकेत चार हजारांच्या आसपास मोटारी बनल्या. त्यांत सगळ्यांत जास्त वाफेवरच्या, खालोखाल विजेवरच्या, आणि पेट्रोलच्या सगळ्यांत कमी. पेट्रोलची गाडी सुरू करायची तर पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, ते उलटं फिरलं की मनगट मोडे. मग १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. गंमत बघा, विजेच्या गाडीचा घात केला तो विजेच्याच एका छोट्या मोटरीने! तिकडे फोर्डची 'मॉडेल टी' स्वस्त होत चालली होती. शिकागोच्या वुड्स कंपनीने १९१६ च्या सुमारास एक हायब्रीड आणून पाहिली, हळू चालताना वीज आणि वेग वाढला की पेट्रोल. ती महाग होती, वेग बेताचा, दोन-तीन वर्षांत विषय संपला.

मग जवळजवळ साठ वर्षं काहीच नाही.

१९७३ ला अरब देशांनी तेल रोखलं तेव्हा पुन्हा जाग आली. अमेरिकेत व्हिक्टर वौक नावाचे इंजिनिअर होते, कादंबरीकार हर्मन वौक यांचे धाकटे भाऊ. त्यांनी आणि त्यांच्या भागीदाराने १९७२ ची एक बुइक गाडी घेऊन तिची हायब्रीड केली. सरकारच्या प्रयोगशाळेत १९७४ साली तपासणी झाली. धूर कितीतरी कमी, मायलेज जवळपास दुप्पट. तरीही सरकारी खात्याने पुढे जायला नकार दिला. लगेच १९७६ साली अमेरिकेच्या काँग्रेसने विजेच्या आणि हायब्रीड गाड्यांच्या संशोधनाचा कायदा केला, अध्यक्ष फोर्ड यांचा नकाराधिकार डावलून केला. पण तेल पुन्हा स्वस्त झालं आणि उत्साह मावळला. वौक २००५ साली वारले. आपली कल्पना जपान्यांनी रस्त्यावर आणलेली त्यांनी पाहिली. मनात काय आलं असेल?

जपानची कथा मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. १९९३ मध्ये टोयोटाने एकविसाव्या शतकाची गाडी कशी असावी याचा अभ्यास सुरू केला. प्रमुख होते ताकेशी उचियामादा. आधीचं उद्दिष्ट होतं मायलेज दीडपट करण्याचं. वरिष्ठ म्हणाले, दीडपट नको, दुप्पट करा. दुप्पट म्हटल्यावर नुसतं इंजिन सुधारून भागेना, म्हणून हायब्रीड. पहिली चाचणीची गाडी १९९५ च्या अखेरीस तयार झाली आणि... हललीच नाही! ४९ दिवस ती जागची हलली नाही. हलली तेव्हाही काही शे मीटर जाऊन थांबली. आणि कंपनीने मुदत वाढवायच्या ऐवजी आणखी अलीकडे ओढली. अखेर डिसेंबर १९९७ मध्ये 'प्रियस' बाजारात आली. त्याच महिन्यात क्योटोला हवामान बदलाची जागतिक परिषद भरली होती. प्रियस म्हणजेही लॅटिनच, 'आधी जाणारी'. जानेवारी २०१७ पर्यंत टोयोटाने एक कोटी हायब्रीड गाड्या विकल्या.

यात चमत्कार काही नाही. नेहमीच्या गाडीत ब्रेक दाबला की धावण्याची सगळी शक्ती उष्णता होऊन वाया जाते. हायब्रीडमध्ये तीच मोटर उलट कामाला लागून वीज बनवते आणि बॅटरीत साठवते. मुंबईच्या नव्या लोकलगाड्याही ब्रेक लावताना तारेत वीज परत देतात. म्हणूनच हायब्रीडचा खरा फायदा गर्दीच्या शहरात, सिग्नलला थांबत-निघत जाताना. मोकळ्या हायवेवर तो बराच कमी होतो.

आता टिकेल का ते सांगते. मला उदाहरण सुचतं ते इगतपुरीचं. १९२५ साली मुंबईत विजेची पहिली रेल्वे धावली ती १५०० व्होल्ट डीसी विजेवर. पुढे देशभर २५,००० व्होल्ट एसी पद्धत आली, पण मुंबईचा इलाखा डीसीच राहिला. त्यामुळे इगतपुरीला गाडी थांबायची, एक इंजिन काढायचं, दुसरं जोडायचं. आमच्या पिढीला ते थांबणं आणि फलाटावरचे वडे चांगलेच आठवत असतील. यावर तोडगा म्हणून दोन्ही विजांवर चालणारी इंजिनं बांधली, आधी सत्तरच्या दशकात पश्चिम रेल्वेसाठी आणि मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी मध्य रेल्वेसाठी. दोन्ही पद्धतींची सामग्री पोटात वाहणारी ही इंजिनं, म्हणजे एका अर्थी हायब्रीडच. त्यांनी दशकानुदशकं उत्तम काम केलं. मग पश्चिम रेल्वेचा मुंबई भाग २०१२ ला आणि मध्य रेल्वेचा २०१५ ला एसी झाला. सीमाच पुसली गेली. इंजिनांत दोष काही नव्हता, पण त्यांच्या त्या दुहेरी कौशल्याला काम उरलं नाही.

हायब्रीड गाडीचंही असंच आहे असं मला वाटतं. पेट्रोलचा मुलूख आणि विजेचा मुलूख यांच्यामधली सीमा जिथे आहे, तिथे ती हवीच. नॉर्वेत ही सीमा जवळपास पुसली गेली, २०२४ मध्ये तिथे विकलेल्या नव्या गाड्यांपैकी ८९ टक्के निव्वळ विजेच्या होत्या. पण त्याच वर्षी युरोपीय संघात विजेच्या १३.६ टक्के आणि हायब्रीड ३०.९ टक्के (यात नावापुरत्या, सौम्य हायब्रीडही आल्या). चीनच्या बीवायडीने निव्वळ पेट्रोलची गाडी बनवणं मार्च २०२२ मध्ये बंद केलं. पण २०२४ मध्ये त्यांनी विकलेल्या सुमारे ४२ लाख गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त प्लगने चार्ज होणाऱ्या हायब्रीड होत्या. अमेरिकेत टोयोटाची कॅमरी २०२५ च्या मॉडेलपासून फक्त हायब्रीडच मिळते. तेव्हा हायब्रीड संपली म्हणणाऱ्यांनी जरा घाई केली.

आपल्याकडे सीमा सरकार आखतं, करांनी! जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा हायब्रीडवर उपकर धरून ४३ टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या हायब्रीडवर ४० टक्के, छोट्यांवर १८, आणि इलेक्ट्रिकवर फक्त ५. उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये हायब्रीडचा नोंदणी कर माफ केला होता, म्हणजे एकाच देशात दोन मतं. पुण्यातही एक प्रयत्न झाला होता. २०१० साली केपीआयटी कमिन्स आणि भारत फोर्ज यांनी जुन्या गाडीला बसवायचं 'रेव्होलो' नावाचं हायब्रीड किट जाहीर केलं होतं. केवढं कौतुक वाटलं होतं तेव्हा! सामान्य गिऱ्हाइकापर्यंत ते काही पोचलं नाही. आणि जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरला वीस हजार कोटींच्या कारखान्याचा करार केला, तो विजेच्या आणि हायब्रीड, दोन्ही गाड्यांसाठी. त्यांनीही एकच घोडा धरलेला नाही.

भाच्याला मी एवढंच विचारलं, "तुझ्या सोसायटीत चार्जर बसवू देतील का?" तो म्हणाला, "आत्या, पार्किंगच्या पट्ट्यांवरून अजून कमिटीत भांडणं चालली आहेत, चार्जर कुठला!" मग त्याने हायब्रीड घ्यावी. त्याची सीमा त्याच्या जिन्याखालीच आहे. स्वतःचं घर, दारात प्लग आणि रोजचं येणं-जाणं ठरलेलं असतं, तर मी इलेक्ट्रिकच सांगितलं असतं.

पण या प्रश्नात माझं मन गुंतलंय ते दुसऱ्याच कारणाने. माझा एक जुना विद्यार्थी भोसरीला एका लहान कारखान्यात आहे, पिस्टनच्या पिना बनतात तिथे. विजेच्या गाडीला पिस्टन नसतो, क्लच नसतो, सायलेन्सर नसतो. हायब्रीडला इंजिन आणि मोटर दोन्ही लागतात, म्हणून हायब्रीड जितकी वर्षं चालेल तितकी त्याची पिन चालेल. दिवाळीत भेटायला आला होता. म्हणाला, "बाई, मला रिटायर व्हायला अकरा वर्षं आहेत. तेवढं निघेल ना?" मी म्हटलं, तुझं निघेल बहुतेक. त्याचा मुलगा यंदा आयटीआयला जाणार आहे. बापाच्या ओळखीने मशिनिस्टचा ट्रेड घ्यायचा म्हणत होता, त्याला मी इलेक्ट्रिशियनचा फॉर्मही आणून ठेवायला सांगितलंय.