सुरतेत छापलेला ‘मयूख’

सुरतेत सार्वजनिक एज्युकेशन सोसायटीचे विधी महाविद्यालय निघाले ते 1935 साली. कायद्याचे संशोधन मात्र या नगरीने त्यापूर्वी शंभरावर वर्षे पाहिले होते, आणि त्याचा धागा थेट महाराष्ट्रातील पैठणला जाऊन भिडतो.

पैठणचे भट्ट घराणे काशीस जाऊन स्थायिक झाले. त्याच कुळातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात ‘व्यवहारमयूख’ रचला. कंपनी सरकारच्या सेवेतील हॅरी बोराडेल याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, व ते 1827 साली सुरतेच्या मिशन छापखान्यातून बाहेर पडले. पण केवळ पोथीवर हा गृहस्थ विसंबला नाही. गुजरातेतील ज्ञातीज्ञातींना विचारून वारसा, विवाह, दत्तक यांविषयीच्या त्यांच्या चालीरीतीही त्याने लिहवून घेतल्या. त्याच वर्षीच्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंहितेने रूढीला मान दिला होता. तेव्हा हे काम निव्वळ हौसेचे नव्हते. पुढे 1880 साली विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीही ‘मयूखा’चे भाषांतर प्रसिद्ध केले.

गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे मतभेद पडल्यास न्यायालये ‘मिताक्षरे’ऐवजी ‘मयूख’ प्रमाण मानीत. एरवी हा पंडितांचा वाद म्हणून सोडून देता आला असता. परंतु येथे प्रश्न बहिणीचा होता. भावाच्याच गोत्रात जन्मलेली म्हणून नीलकंठाने तिला वारसांत स्थान दिले होते. सुरतेच्या बहिणीला त्याचा आधार मिळाला. ज्या काशीत बसून त्याने हे लिहिले, तेथील बहिणीला मात्र वारसाहक्कासाठी 1929 च्या कायद्याची वाट पाहावी लागली.