३२-बिट आज्ञावलींचा वारसा आणि ६४-बिट लिनक्स सर्व्हर

जळगाव येथे १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. पुढे २००० च्या सुमारास मेहरूणसारख्या परिसरातील शिक्षणसंस्थांपर्यंत जे संगणक पोहोचले, ते सर्वसाधारणपणे ३२-बिट स्थापत्याचे होते. प्रवेश, शुल्क व ग्रंथनोंदणीच्या तत्कालीन आज्ञावलीही त्याच स्थापत्यासाठी रचलेल्या होत्या. सर्व्हर बदलला, तरी वीस वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्यास दुय्यम दाखला लागतोच. म्हणून जुनी आज्ञावली नव्या यंत्रावर चालणे हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तो इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर या प्रोसेसरवर. ट्रान्सप्युटर कालबाह्य झाला. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सनचे, 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे, तर २००८ च्या 'परम युवा'मध्ये इंटेलचे प्रोसेसर आले. एका यंत्रासाठी संकलित केलेली आज्ञावली पुढच्या यंत्रावर जशीच्या तशी चालणे शक्य नव्हते. ज्यांचा सोर्स कोड हाती होता, त्यांचेच नव्याने संकलन करता येत होते.

सामान्य सर्व्हरच्या बाबतीत इतिहासाने निराळे वळण घेतले. २००१ मध्ये आलेल्या इंटेलच्या इटानियमवर जुन्या ३२-बिट आज्ञावली अत्यंत मंद चालत. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला. त्याने ६४-बिट क्षमता दिली, पण जुन्या आज्ञाही कायम ठेवल्या. बाजाराने कौल दिला तो या दुसऱ्या मार्गाला, आणि इंटेललाही त्याच मार्गाने यावे लागले.

तथापि प्रोसेसरची अनुकूलता पुरेशी नसते. कर्नलमध्ये ३२-बिट आज्ञावलींची सोय असावी लागते, शिवाय ३२-बिट लायब्ररी स्वतंत्रपणे बसवाव्या लागतात. त्या नसल्यास लिनक्स 'अशी फाइल नाही' असा संदेश देते. फाइल डोळ्यांसमोर असते. अनुपस्थित असतो तो तिला स्मृतीत आणणारा ३२-बिट लोडर. अनेकांची दिशाभूल येथेच होते. डेबियनने २०१३ मध्ये दोन्ही स्थापत्यांची पॅकेजे एकाच यंत्रावर शेजारी-शेजारी नांदतील अशी व्यवस्था केली, ती या संदर्भात सर्वांत विचारपूर्वक म्हणावी लागेल.

हा आधार आता आटत आहे. उबुंटूने २०१९ मध्ये ३२-बिट पॅकेजे वगळण्याचे जाहीर केले आणि वापरकर्त्यांच्या विरोधानंतर निवडक पॅकेजे राखली. २०२५ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० मधून मात्र ३२-बिट लायब्ररी वगळण्यात आल्या. अशा सर्व्हरवर आभासी यंत्रात जुनी लिनक्स आवृत्ती चालवता येते. परंतु तिला सुरक्षा-सुधारणा मिळत नसल्याने ती महाजालापासून अलग ठेवणेच इष्ट.

तरीही एक मर्यादा उरते. जुन्या ३२-बिट लिनक्स आज्ञावलींतील कालगणक १९ जानेवारी २०३८ च्या पुढे मोजू शकत नाही. त्यावर विसंबलेल्या सेवापुस्तकाच्या आज्ञावलीत, त्या तारखेनंतर निवृत्त होणाऱ्या अध्यापकाची निवृत्तितारीख आजच चुकीची उमटेल.